बोरगणीची बिनदिव्याची माळ

त्रिपुरी पौर्णिमेला सगळीकडच्या दीपमाळा उजळतात. बोरगणीच्या महादेवापुढची तेवढी काळी राहते. तिच्या कोनाड्यांत पारवे घुमत असतात, आणि खाली आवारात त्याच दिवशी कबूतर मंडळाचे प्रदर्शन भरलेले असते. लक्के, शिराजी, लोटन, पिंजऱ्यांच्या रांगाच रांगा. बाहेरगावचा पाहुणा परीक्षकांच्या मागे फिरून दमला की सहज वर बघतो आणि हमखास विचारतो, "या पारव्यांच्या शेपट्या अशा काय?" पारव्याची शेपटी मिटलेली असते. इथल्यांची जरा उचललेली, हाताच्या पंजासारखी पसरलेली. मग मंडळाचे सगळ्यांत जुने सभासद दस्तगीरचाचा मुजावर खुर्ची ओढून घेतात आणि हैबती तांबटाची गोष्ट सांगतात. त्यांनी ती आजोबांकडून ऐकली. आजोबांनी कुणाकडून, ते चाचांनाही ठाऊक नाही.

संस्थानच्या काळात हैबती तांब्याची भांडी घडवायचा, असे सांगतात. घडवायचा ती पोटापुरती. जीव सगळा माडीवरच्या ढाबळीत. ढाबळ म्हणजे कबुतरांचे घर. पण हैबतीची बायको म्हणे म्हणायची की घर त्यांचेच, आम्ही आपले बिऱ्हाडकरू. त्याच्याकडे पांढरे लक्के होते, छाती काढून चालणारे, शेपटीचा पंखा डोक्याला टेकवणारे. वाण बापाने जपलेला. मरताना बापाने पोराचा हात धरून घरादाराचे काही सांगितले नाही. वाण राख, एवढेच म्हणाला.

हैबतीने ते जरा जास्तच मनावर घेतले. लक्क्यांना पारव्यांची संगत लागेल, रक्त बिघडेल, या धास्तीने त्याने गावठी कबूतर ढाबळीच्या आसपास फिरकू दिले नाही. घरासमोरच दीपमाळ, आणि तिच्यावर पारव्यांची वस्ती. ती उठावी म्हणून त्याने रोज संध्याकाळी दिवे लावायचे टुमणे देवळात लावून धरले, तेलही पदरचे घातले. गावाला वाटले, केवढा भाविक माणूस! धुराने पारवे उठले. सर्वांत वरच्या कोनाड्यात तेवढी एक जोडी टिकली, कारण रोजचे दिवे शेंड्यापर्यंत लावायला कोण चढतो?

इकडे घरातल्या घरात जोड्या लावून लावून वाण रोडावला. अंडी फळेनात, पिल्ले जगेनात. अखेर लक्क्याची एकच जोडी उरली. ऐन कार्तिकात तिने दोन अंडी घातली आणि पाठोपाठ मादीला मांजराने नेले. नर अंड्यांवर बसतो, नाही असे नाही. पण तो दिवसा. रात्र मादीची. अंडी गार पडली की बापाचा वाण संपला. अशा वेळी कोणताही शौकीन अंडी गावठी जोडीखाली सारतो. पारव्यांसारखे आईबाप शोधून सापडायचे नाहीत. आणि हैबतीने तर, शेंड्यावरची ती एक जोडी सोडली तर, सगळे पारवे हाकलून लावलेले.

उजेड होता तोवरच तो अंडी कापसात गुंडाळून, दीपमाळेचे दगडी हात धरत शेंड्यावर चढला. कोनाड्यातली पारव्यांची अंडी काढून त्याने खाली भिरकावली आणि तिथे आपली ठेवली. जोडी फडफडली, मग येऊन बसली. हैबती खाली उतरला, तर देवळाची म्हातारी गुरवीण धोंडाई पायरीवर वाती वळत बसलेली. तेव्हा कुठे त्याला आठवले की त्रिपुरी तोंडावर आली आहे, आणि त्रिपुरीला माळ शेंड्यापर्यंत लागते.

"मावशे, औंदा माळ लावू नगंस," तो म्हणाला.

"अगं बया! आनि रोज त्याल घिऊन कोन येत हुतं रं? माझा बा?"

हैबतीने सगळे सांगितले. म्हातारीने फुटक्या अंड्यांकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

"द्येव काय तुझा चाकर हाय? तू म्हनशील तवा दिवा आनि म्हनशील तवा अंधार? न्हाई लावायची तर कंदीच न्हाई लावायची. आनि हितनं म्होरं माळंवर कुनी चढायचं न्हाई. तूबी न्हाई."

चढायचे नाही, म्हणजे पिल्लू उडायच्या आत खाली आणता येणार नाही. आणि कबूतर जिथून पहिल्यांदा उडते तेच त्याचे घर, हे हैबतीला काय शिकवायचे? वाण जगवायचा तर तो आपला राहणार नाही. शेवटी देवापुढे बेलभंडारा उचलून त्याने शब्द दिला. त्रिपुरीला माळ लागली नाही. गावात कुजबुज झाली, पण गुरविणीच्या तोंडाला लागायची छाती कुणाची नव्हती.

एक अंडे वाया गेले, दुसऱ्यातून पिल्लू निघाले. पारव्यांनी पोटच्यासारखे त्याला भरवले. हैबती माडीवरून बघायचा. तांब्यावर हातोडा चालेना, जेवण गोड लागेना. आणि एके सकाळी ते पांढरेशुभ्र पिल्लू उडाले, दोन घिरट्या घातल्या आणि थेट हैबतीच्या ढाबळीत येऊन उतरले.

ढाबळीत उतरले ते ढाबळवाल्याचे, हा या शौकातला जुना कायदा. शपथ माळेवर न चढण्याची होती, दार न लावण्याची नव्हती. "लावा की दार!" बायको म्हणाली. हैबतीने कडीला हात घातला. समोर माळेवर ते दोन पारवे कोनाड्याच्या काठावर येऊन बसले होते, माना वाकड्या करून इकडेच बघत. हैबतीला एकदम रडू कोसळले.

"त्येंची दोन घेतली म्या," तो म्हणाला. "ह्ये एक तरी त्येंच्यापाशी ऱ्हाऊ दे."

पिल्लू मूठभर जोंधळे खाऊन परत गेले. पुढे त्याने माळेवरच्याच पारव्याशी जोडी केली, आणि एवढा जपलेला वाण त्या गर्दीत मिसळून गेला, असे म्हणतात.

बोरगणीतले शौकीन काही साधुसंत नाहीत. दुसऱ्याचे उतरलेले कबूतर परत देताना भाऊ भावाशी भांडतो. पण आजही माळेवरचे एखादे कबूतर कुणाच्या ढाबळीत उतरले, की तो त्याच्यापुढे जोंधळे टाकतो, दार सताड उघडे ठेवतो आणि स्वतः खाली निघून जातो. समोर उभे राहिले की हात शिवशिवतात.