शेजाऱ्याचे सुतक

एकदा एका रचनाशाळेत एक मुलगी शिकायला आली, आणि पहिले वर्ष सरायच्या आत तिला आपल्या बापाला कागदावर मारावे लागले. ही गोष्ट त्या मुलीची, तिच्या बापाची आणि तिला ठसे कोरायला शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरूची आहे. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून टाकतो.

रचनाशाळा म्हणजे वस्तूला रूप देण्याची विद्या जिथे शिकवतात ती शाळा. कापडावरची नक्षी, भांड्याचा घाट, अक्षराचे वळण, सारे तिथे शिकता येई. विद्या उत्तम होती आणि शुल्क त्याहून उत्तम होते. गरिबांच्या मुलांनीही शिकावे म्हणून मदतीचे मार्ग ठेवले होते आणि ते दाराशी एका फलकावर अतिशय सुबक अक्षरांत रंगवले होते. शेवटी रचनाशाळाच ती. अक्षरे सुबक असणारच.

परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला शुल्क माफ होते. मुलगी दुसरी आली. पेढीचे कर्ज मिळत असे, पण त्यासाठी घर गहाण ठेवावे लागे, आणि ती ज्या खोलीत वाढली ती भाड्याची होती. शाळेच्या रंगघरात काम करून चार पैसे सुटत. ते काम ती करतच होती. त्यातून जेवण भागे, शुल्क भागत नसे. उरली ती कापडाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याची मदत. आपल्या स्वर्गवासी वडिलांच्या स्मरणार्थ त्याने ती ठेवली होती आणि ती फक्त पितृहीन विद्यार्थ्यांसाठी होती. मुलीची आई ती रांगत असतानाच गेलेली होती. पण आई नसण्याला त्या फलकावर काही मोल नव्हते.

बाप होता. तो रंगारी होता आणि आयुष्यभर रंगाच्या हौदावर वाकून त्याची छाती कामातून गेली होती. दोन पावले चालला की बसावे लागे. कमाई शून्य, पण जिवंत. मुलीने सुट्टीत घरी येऊन त्याला फलकावरचे सारे वाचल्यासारखे सांगितले आणि शाळा सोडते म्हणाली.

बाप खोकला, हसला आणि पुन्हा खोकला.

"मग घाल की माझ्या फोटोला हार. त्यात काय एवढं?"

"आबा, असलं बोलू नका."

"का? मी काय आता शंभर वर्षं जगणार हाय? थोडं आधी मेलो असं लिहायचं. जित्या बापाचा तुला उपेग न्हाई, मेल्याचा तरी होऊ दे."

ती रडली. त्याने तिला रडू दिले आणि मग स्वतःच्याच मृत्यूच्या दाखल्याच्या मागे लागला. माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायला निवृत्त लोक किती खेटे घालतात हे आपण पाहतो. मेल्याचे त्या मानाने लवकर जमले. मुलीला मदत मिळाली आणि त्या दिवसापासून बापाने शहराकडे फिरकायचे नाही, असे दोघांनी न बोलताच ठरवले.

मदत देणाऱ्या त्या व्यापाऱ्याची, म्हणजे शेठची, एक प्रथा होती. वर्षातून एकदा, त्याच्या वडिलांच्या स्मृतिदिनी, मदत घेणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या वडिलांच्या आठवणीत एक वस्त्र छापून आणायचे. नक्षी स्वतः रचायची, लाकडी ठसा स्वतः कोरायचा. ती वस्त्रे सभागृहात टांगत, शेठ एकेकापुढे थांबे, दोन शब्द बोले. शेठ वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या वडिलांसाठी तो खरोखर रडत असे, आणि दुसऱ्यांनीही रडावे असे त्याला मनापासून वाटे.

ठसेकाम शिकवणारे गुरुजी शाळेतले सर्वांत वृद्ध. बोलणे मोजके. त्यांचा एकच नियम सगळ्यांना पाठ होता: वस्त्राचा काठ चारही बाजूंनी मिटला पाहिजे, म्हणजे नक्षी सुरू झाली तिथे फिरून येऊन जुळली पाहिजे; काठ मिटला नाही तर काम पुरे झाले असे समजू नये. मुलीने पहिल्या स्मृतिदिनासाठी ठसा कोरला, तो रंगाऱ्याच्या ओंजळीचा. ओंजळीमागून ओंजळ छापत तिने काठ केला आणि खालच्या कोपऱ्यात एका ओंजळीची जागा कोरी सोडली. तिथे ठसा उमटवायला तिचा हात धजला नाही. आपण काठ मिटवला आणि तिकडे बापाला काही झाले तर, एवढेच तिच्या मनात होते.

शेठ त्या कोऱ्या जागेपाशी थांबला. त्याचे डोळे भरून आले.

"इथून तो जीव निघून गेला, असंच ना मुली?"

"होय, शेठ," ती म्हणाली.

गुरुजी मागे उभे होते. काठ न मिटवल्याबद्दल ते रागावतील असे तिला वाटले. त्यांनी वस्त्राकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि ते पुढच्या वस्त्राकडे वळले. दुसऱ्या वर्षीही तिने तसाच काठ उघडा ठेवला. आता सगळेच त्याला तिची शैली म्हणू लागले.

त्या हिवाळ्यात ती तापाने पडली. गावचा कुणी शहरात आला होता, त्याच्याकडून बापाला कळले आणि त्याला राहवले नाही. बसत, उठत, धापा टाकत तो फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात फडक्यात बांधलेला डबा. पहारेकऱ्याने विचारले, "कोण तुम्ही?"

"मी? शेजारी," तो म्हणाला. "तिच्या गावचा शेजारी."

निरोप गेला आणि मुलगी शाल गुंडाळून खाली आली. फाटकाशी पहारेकरी होता, दोघीतिघी मैत्रिणी होत्या, आणि गुरुजी बाहेरून परतत तिथेच पोचले होते. तिने बापाकडे पाहिले. तो तिच्याहून जास्त घाबरलेला होता.

"काका, कशाला एवढा त्रास घेतलात?" ती म्हणाली.

"त्रास कसला, पोरी," तो म्हणाला. "तुझ्या... तुमच्या घरची आठवण आली, म्हणून आलो."

डबा देऊन तो वळला. तो कोपऱ्यापर्यंत तीनदा बसला, आणि प्रत्येक वेळी तिला धावत जाऊन त्याला धरावेसे वाटले. ती फाटकाची कडी धरून उभी राहिली. त्या रात्री तिला तापाने नव्हे, त्या एका 'काका'ने झोपू दिले नाही.

शेवटचे वर्ष आले. स्मृतिदिन जवळ आला होता. ते शेठच्या वडिलांच्या मृत्यूचे पंचविसावे वर्ष होते, म्हणून शेठ स्वतः कामाची पाहणी करायला कार्यशाळेत आला होता. मुलगी ठसा कोरत होती. तेवढ्यात गावाकडचा एक माणूस दारात आला आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "सकाळी गेले. तुझी वाट बघतोय, पण लई वेळ ठेवता यायचं न्हाई. चल."

पटाशी तिच्या हातातून खाली पडली. सगळ्यांनी वळून पाहिले.

"काय झालं?" शेठने विचारले.

काय सांगणार? बाप गेला असे म्हणावे, तर तो कागदावर केव्हाच गेलेला. इतक्या वर्षांची मदत एका वाक्यात परत मागितली जाईल, पदविका हातची जाईल, आणि जो माणूस त्यासाठी मेला तो फुकट मेला असे होईल. हे सारे तिच्या मनात एका क्षणात आले आणि त्या क्षणाची तिला पुढे आयुष्यभर लाज वाटली.

"गावाकडचे शेजारी वारले," ती म्हणाली. "जाऊन येऊ का?"

शेठने मायेने मान हलवली. "शेजाऱ्यासाठी वडिलांच्या स्मृतीचं काम टाकून जायचं नसतं, मुली. काम पुरं कर."

ती खाली बसली. तिने पटाशी उचलली. ती कोरू लागली.

तेव्हा गुरुजी उठले. अंगणातल्या नळाखाली जाऊन त्यांनी कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतले आणि निथळत तसेच दारात येऊन उभे राहिले.

"मला सुतक आलं आहे," ते म्हणाले. "आजपासून तेराव्यापर्यंत कार्यशाळा बंद. माझ्या हाताखाली शिकणाऱ्यांनीही ते पाळायचं. ज्यानं त्यानं आपल्या घरी जावं."

गुरुजींना नात्यागोत्याचे कुणी उरले नव्हते, हे सगळ्या शाळेला ठाऊक होते.

"कोण गेलं, गुरुजी?" शेठने गोंधळून विचारले.

"एक शेजारी."

"शेजाऱ्याचं सुतक पाळल्याचं मी तरी कुठं ऐकलं नाही."

"मीही ऐकलं नव्हतं," गुरुजी म्हणाले आणि मुलीकडे न पाहता त्यांनी कार्यशाळेचे दार लावायला घेतले.

ती धावत सुटली. तरी उशीर झालाच. ती पोचली तेव्हा चुलतभावाने अग्नी दिलेला होता. माणसांनी तिला वाट करून दिली. एक म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, "ये बाय. तुझा बाप गेला." इतक्या वर्षांत 'तुझा बाप' हे शब्द तिच्यापुढे कुणी उच्चारले नव्हते. ती तिथे मातीत बसली आणि मोठ्याने रडली.

तेरावे आटोपून ती परत आली आणि गुरुजींपुढे मान खाली घालून उभी राहिली.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. मेलेल्याचा काठ कुणी उघडा ठेवत नाही."

"मग मला रागावला का नाहीत? मी सगळ्यांना फसवलं."

"फसवलंस. ते तुझं तुलाच वाहायचं आहे, मी त्यात हात लावणार नाही," गुरुजी म्हणाले. "पण आपण ठसा कोरतो तेव्हा काय करतो? नक्षीत न बसणारं लाकूड काढून टाकतो. शेठनं मदतीची नक्षी आधी ठरवली. तुझा बाप तीत बसत नव्हता. त्यानं स्वतःलाच कोरून काढलं. पैसा देणाऱ्याला अट घालता येते, मुली. पण लेकीचं रडणं त्या अटीत येत नाही. मला तेवढं परत करता आलं, ते केलं. आणि सुतकाचं म्हणशील, तर तो फाटकात माझ्यासमोर म्हणाला होता, मी शेजारी. मुलीसाठी जो शेजारी होऊन राहिला, त्याचं सुतक ह्या शाळेत कुणीतरी पाळायला हवं होतं."

स्मृतिदिनी तिचे वस्त्र मधोमध टांगले होते. तीच ओंजळ, तोच रंग. शेठ त्याच्यापुढे थांबला, खालच्या कोपऱ्यापर्यंत बोट फिरवत गेला आणि त्याचा चेहरा उतरला.

"यंदा मागच्यासारखं उतरलं नाही. ती कोरी जागाच तर सगळ्यात बोलायची. का मिटवलीस?"

मुलीने गुरुजींकडे पाहिले. ते जमिनीकडे पाहत होते; तिला काय बोलायचे ते त्यांनी तिच्यावरच सोडले होते.

"यंदा वडील गेले, शेठ," ती म्हणाली.

शेठने वस्त्रावरचे बोट काढून घेतले. त्याने विचारले, "मग इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं ते माझे शेजारी होते."

शेठने ते वस्त्र दोरीवरून काढून बाजूला ठेवायला सांगितले. त्याच्या आवाजात राग होता की आणखी काही, ते तिला कधी कळले नाही. शाळेने तिची पदविका अडवून ठेवली आणि घेतलेली मदत फेडता फेडता तिची उमेदीची वर्षे रंगघरातच गेली. ते वस्त्र गुरुजींनी उचलले, नीट घडी केली आणि खांद्यावर टाकून ते घरी गेले. त्या दिवसापासून ती स्वस्थ झोपू लागली. फलक मात्र अजून आहे तिथेच आहे आणि त्याची अक्षरे अजून सुबक आहेत.

मदतीची अट लिहिणाऱ्याने लिहिण्याआधी एवढे पाहावे, की ती पुरी करायला कुणाच्या घरात कुणाला मरावे लागेल.