ओळख

“मग चूक कोणाची, ते तरी सांगा!” सुकुमारने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर आपटला. “प्रोसेसर कोरा करकरीत. बोर्डाला कालपर्यंत काही झालं नव्हतं. पंखा फिरतोय. पण पडदा काळा तो काळाच!”

“चूक माझी म्हणशील आता,” चंद्राक्का खुर्चीतून म्हणाल्या.

“तुमचीच! सकाळी जमदाडे मशीन घेऊन आले. म्हणाले, अक्का नाहीत? मग नंतर येतो. मी इथे उभा होतो, अक्का! एवढा दांडगा माणूस दिसलो नाही त्यांना! आणि डबा उचलून परत गेले.”

“मग?”

“तुम्ही त्या खुर्चीत आहात तोवर मला कोण विचारणार? तुम्ही उठा, मग बघा कसे विचारतात ते.”

जयसिंगपुरात मार्केट यार्डाच्या मागे चंद्राक्कांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. शाळा सोडल्यावर बाईंनी आधी रेडिओ खोलले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. शिकवायला कोणी नव्हतं आणि अडवायला आलेल्यांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. सुकुमार त्यांचा चेला. हात चांगला, डोकं तापट. दुकानातलं जुनं मशीन नव्या प्रोसेसरवर चालवून दाखव, मी खुर्ची सोडते, असं अक्कांनी कबूल केलं होतं.

मशीन मुकं होतं.

“खाचा जुळल्या?” अक्कांनी विचारलं.

“जुळल्या.”

“नीट बसला?”

“बोटाचाही जोर लावावा लागला नाही.”

“बसला म्हणजे बोर्डाने ओळखला होय रे?”

सुकुमार थबकला. त्याने बोर्डावरचा नंबर पाहिला, मोबाईलवर काहीतरी शोधलं आणि कपाळावर हात मारला.

“बायॉस जुनं आहे! बोर्डाच्या डोक्यात जे भरून आलंय, त्यात हा प्रोसेसर नाहीच. हा निघाला पुष्कळ नंतर. अहो, एवढंच होय! नवं बायॉस भरतो की.”

“भर की.”

त्याने ते पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, मशीनला लावलं, बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळा.

पुन्हा दाबलं...

“भरायला मशीन चालू तर व्हायला हवं,” तो हळूच म्हणाला. आता त्याच्या आवाजातला राग कुठेतरी गळून पडला होता. कोडं पडलेल्या माणसासारखा तो मशीनकडे बघत राहिला. “ओळखत नाही म्हणून चालू होत नाही. आणि चालू झाल्याशिवाय ओळख करून देता येत नाही. मग अक्का... ओळख करून देणार कोण?”

अक्कांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि चघळत राहिल्या.

“सांगा की.”

“जुना कुठं आहे?”

सुकुमारची मान खाली गेली. या दुकानात एक रीत होती. नवा भाग बोलेपर्यंत जुना टेबलावरून हलवायचा नाही. इतर वेळी तो ती पाळायचाही. पण आज त्याने जुना प्रोसेसर काढला आणि अक्कांदेखत दाराशी ठेवलेल्या भंगाराच्या पोत्यात भिरकावला होता. आता याचं काम संपलं, असंही वर म्हणाला होता.

अक्कांनी नुसतं पोत्याकडे बघितलं.

त्याने पोतं फरशीवर उपडं केलं. तुटक्या वायरी, गंजलेले स्क्रू, मेलेले माउस... गुडघ्यांवर बसून तो एकेक बाजूला करू लागला. जुना प्रोसेसर एका फुटक्या कीबोर्डाखाली सापडला. पाठीवरच्या सोनेरी ठिपक्यांना तेल लागलं होतं. सुकुमारने तो शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

“शर्टाने नको. चांगल्या फडक्याने.”

त्याने स्पिरिट घेतलं, स्वच्छ फडकं घेतलं. नवा काढला, जुना जागेवर ठेवला, थेंबभर पेस्ट लावून वर पंखा बसवला. मग बटण दाबलं.

पडदा उजळला.

“जिवंत आहे!” तो लहान पोरासारखा हसला.

“तो मेला म्हणाला कोण?”

पेनड्राइव्हवरचं बायॉस बोर्डात उतरू लागलं. पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

“आता मधेच लाइट गेली तर?”

“बोर्ड गेला. मग जुना नाही आणि नवाही नाही.”

दोघं पट्टीकडे बघत राहिले. सुकुमारला पहिल्यांदाच गंमत वाटली. जुना मरतुकडा प्रोसेसर गरम होऊन, पंखा घरघरवत, एका अशा गड्याचं नाव बोर्डाला शिकवत होता, जो येऊन त्याचीच जागा घेणार होता.

पट्टी भरली. मशीन बंद केलं. जुना निघाला, या वेळी सुकुमारने तो दोन्ही हातांनी टेबलावर, फडक्यावर ठेवला. नवा बसला. बटण.

पडदा झपकन उजळला. त्यावर नव्या प्रोसेसरचं नाव, पुरतं, ठळक.

सुकुमार वळला. खुर्चीकडे बघितलं. मग अक्कांकडे.

“अक्का... तुम्ही कबूल केलं होतंत.”

अक्कांनी खुर्चीच्या हातांवर तळवे टेकले. उठतात असं वाटलं...

तेवढ्यात दारात जमदाडे. सकाळचाच डबा छातीशी धरलेला.

“आलात होय अक्का! बरं झालं.” सुकुमारला वळसा घालून ते थेट खुर्चीपुढे गेले आणि डबा पुढे केला. “तुम्हीच बघा बाई. दुसऱ्याचं काम न्हवं हे.”

अक्कांनी हात पुढे केला नाही. टेबलावरच्या जुन्या प्रोसेसरकडे एकदा बघितलं, आणि खुर्चीत पुन्हा ऐसपैस मागे टेकल्या.

“जमदाडे, हा सुकुमार. मी इथं बसलेय तोवर याची ओळख करून घ्या, मशीन याच्याच हातात द्या.”