ओढ्यापर्यंतची पंगत

“…आणि पाळायचाच नसेल, तर नियम केला कशाला, आक्का?”

नरहरीबुवांचा आवाज चढला होता. एका हातात वरणाची बादली, दुसऱ्यात पळी, आणि उन्हाळा असो की हिवाळा, कानांवरून घट्ट गुंडाळलेलं उपरणं.

साळूआक्का पत्रावळी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कंचा नियम?”

“पंगतीला बसेल तो मठाचा. तुमच्या गुरूंनी घातलेला. दारावर लिहिलाय.”

“व्हय, त्यो. मग?”

“मग तो हणमंता! आज तिसरा दिवस. पानं मांडली की पळतो. काल कुठं सापडला, ठाऊक आहे? गोठ्यात. गाईशेजारी उभा राहून भाकरी खात होता. वर गुणगुणत होता!”

“चाल कंची व्हती?”

“आक्का!”

निंबवाडीचा आमचा मठ म्हणजे काही मोठं प्रस्थ नव्हे. एक ओसरी, एक चूल, एक गोठा, मागं ओढा. आम्ही जेमतेम तीस जण. आक्का सत्तरीच्या, आमच्या गुरू. नरहरीबुवा त्यांचे पट्टशिष्य, शिकलेले आणि शिस्तीचे, आणि ते दोन्ही आपल्याला माहीत आहे हे समोरच्याला कळावं याची काळजी घेणारे. मी पाणी वाढणारा.

हणमंता बत्तीस वर्षांचा. त्याला त्याची बहीण शालन घेऊन आली होती. आई-बाप गेलेले. शालनच्या सासरी त्याला जागा नव्हती. थोरल्या भावाकडे जागा होती, पण त्या भावानं मागच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतली होती. मठानं ठेवून घेतलं तर ठीक. नाही तर तीनच्या एसटीनं परत, त्या कडीच्या आत.

शालन पायरीवर बसली होती. बोचकं मांडीवर. सगळं ऐकत होती.

“मी निर्दय नाही, आक्का,” बुवांचा आवाज थोडा खाली आला. “माझा एक डॉक्टर मित्र सांगतो, अशा माणसांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. रोग नाही, खोडही नाही. घडण. पण मग त्यांना त्यांच्यासारख्या माणसांत ठेवावं. इथं कशाला?”

“अशी मानसं किती असत्यात म्हनं?”

“सात-आठांत एक, असं म्हणतात.”

आक्कांनी बोटांची पेरं मोजली. “आपन तीस. म्हंजी चार.”

“साधारण.”

“मला कशी गावली न्हाईत रं इतकी वर्सं? दाव बरं.”

बुवांनी ओसरीवर नजर फिरवली. पानं मांडलेली, माणसं बसलेली, भात वाढून झालेला.

“इथं? इथं कुठं? इथं सगळे नीट आहेत.”

आक्का गुडघ्यावर हात देऊन उठल्या. “आन ती बादली. आज वरान मी वाढते. तू नुस्ता माझ्या मागनं ये.”

वरणाची बादली बुवांच्या हातून कुणी घेतली, असं मी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

पहिलं पान गिरजाबाईंचं. पानासमोर तीन वाट्या. आक्कांनी वरण भातावर न घालता एका वाटीत सोडलं.

“वाटीत का रं, नरहरी?”

“वरण भाताला लागलं की त्या जेवत नाहीत. हे सर्वांना ठाऊक आहे.”

“सासरी तुला काय म्हनायची गं, गिरजे?”

“नखरेल!” गिरजाबाई हसल्या. “बारा वर्सं नुसती चटणी-भाकरी खाल्ली बगा. कोरडी असतीया. कशाला लागत न्हाई.”



पुढं पोस्टमास्तर कणसे. निवृत्त माणूस. खांबापासून तिसरी जागा, तोंड भिंतीकडे, पाठ पंगतीला. एकदा एका पाहुण्यानं त्यांची जागा घेतली, तर मास्तर तासभर हात जोडून त्याच्यामागं उभे राहिले होते. पाहुण्याला वाटलं, काय हा नम्रपणा!

“मास्तर, हापिसात तुमास्नी काय म्हनायचे?”

“मागं चक्रम,” मास्तर भिंतीला म्हणाले. “तोंडावर साहेब.”

आक्का पुढं सरकल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. मी नेमका उठत होतो.

माझं असं आहे. तीन घास बसून खातो, चौथ्याला पाय उठतात. शाळेत मला भिंगरी म्हणायचे. एका गुरुजींनी तर बाकाला बांधलं होतं. मठात आलो त्या दिवशी आक्कांनी काही न विचारता हातात पाण्याचा तांब्या दिला. तीन घास खायचे, एक फेरी मारायची. पाणी वाढावं तर यानंच, असं लोक म्हणतात, आणि मीही खोटं कशाला बोलू, ऐकून घेतो.

“ह्यो?” आक्कांनी विचारलं.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मग गिरजाबाईंकडे, मग मास्तरांच्या पाठीकडे. त्यांची बोटं आपोआप दुमडली.

“तीन,” ते हळूच म्हणाले.

“चौथा?”

“हणमंता.”

“त्यो अजून मठाचा न्हाई म्हनतोस नव्हं तू? मठातला सांग.”

…

बुवा पंगतीकडे बघत राहिले. भात निवत होता, पण कुणी हात लावेना.

“नरहरी,” आक्कांनी आवाज खाली आणला. “तू पंगतीला कदी बसलास रं?”

“मी? मी तर वाढतो, आक्का. सर्वांचं झाल्यावर घेतो. नऊ वर्षांचं व्रत आहे माझं.”

हे खरं होतं. या व्रतापायी निंबवाडीचे लोक दर गुरुवारी बुवांच्या पाया पडत. समोर वाफाळतं अन्न असून शिताला न शिवणारा माणूस! मीही दोनदा पडलो होतो.

“आन मग जेवतोस कुटं?”

“कोठीत.”

“दार लावून?”

“…हो.”

“उपरन्याखाली कानात कापूस घालून?”

बुवांचा हात कानाकडे गेला आणि तिथंच राहिला.

आक्का वाट बघत होत्या. त्यांना वाट बघता येते. मला कधीच जमलं नाही.

“भुरके,” शेवटी बुवा म्हणाले.

“काय?”

“भुरक्यांचा आवाज, आक्का. आणि चावण्याचा. लहानपणापासून. डोक्यात कुणी खिळे ठोकतंय असं होतं. ताटावरून उठलो की वडील मारायचे. रोज उठायचो, रोज मार खायचो. आई सगळ्यांना सांगायची, कार्ट्याला माणसांची किळस येते…” त्यांनी उपरण्याचं टोक डोळ्यांना लावलं. “मला किळस येत नाही हो. मला माणसं आवडतात. नुसती जेवताना…”

मला माणसाच्या रडण्यानं कसंतरीच होतं. तांब्या घेऊन मी त्यांच्याजवळ गेलो, पाणी दिलं.

“म्हणजे,” मास्तर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, “नऊ वर्षं आम्ही पाया पडलो ते कशाच्या?”

आधी गिरजाबाई हसत सुटल्या. मग एकेक करून सगळी ओसरी. हसू थांबवावं म्हणून आक्कांनी बादली खाली ठेवली, तर त्याच जास्त हसू लागल्या. बुवांनी डोळे पुसता पुसता पाहिलं, सगळे आपल्याकडे बघून हसताहेत. आणि त्यांना हसू आलं. मी त्यांचे दात तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मग काय, रांगच लागली. “आक्का, मला लहानपणापासून अक्षरं नाचताना दिसत्यात,” एकजण म्हणाला. “मी पोथी वाचत न्हाई, पाठ केलीया.” दुसऱ्यानं सांगितलं, आपल्याला अंगाला शिवण लागलेली चालत नाही, म्हणून तो सदरा उलटा घालतो. गबाळा म्हणून त्याचं लग्न मोडलं होतं. एक म्हातारी म्हणाली, मला कोण थट्टा करतंय आणि कोण खरं बोलतंय, हे कधीच कळलं नाही, म्हणून मी सगळ्यांनाच हसते.

बुवांची बोटं पुरेनात.

सगळेच तसे होते, असं नाही. पुष्कळ जण नुसतेच भुकेले होते.

“अकरा,” बुवा म्हणाले. “आक्का, अकरा झाले!”

“तुज्या डाक्टरला सांग, हिशेब चुकला म्हनावं.”

“तसं नाही, आक्का. त्याचा आकडा साऱ्या जगाचा आहे. इथं जास्त असणारच. ज्यांना कुठं बसू दिलं नाही, तेच इथं…”

एवढं बोलून ते थांबले. आपण काय बोललो, ते बहुधा त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी पायरीवरच्या शालनकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“आक्का, मग त्या हणमंताला…”

“नियम हाय ना रं.”

आक्कांनी दाराकडे बोट दाखवलं.

“पंगतीला बसंल त्यो मठाचा,” आक्का म्हणाल्या. “माझ्या गुरूचा नियम. म्या मोडनार न्हाई.”

“मग तर मीही मठाचा नाही.” बुवांनी उपरणं सोडलं, घडी घातली आणि आक्कांच्या पायाशी ठेवलं. त्यात जराही ढोंग नव्हतं. “मीही जातो.”

“तीनच्या येष्टीनं?”

“…हो.”

पायरीवर शालन उठली. बोचक्याची गाठ पुन्हा आवळली. अशा उठण्याची तिला सवय असावी. “आमी निगतो, आक्का,” एवढंच म्हणाली. “तुमी तीन दिस ठिवलंत, लई झालं.”



आक्का आपल्या पानापाशी गेल्या. वाकल्या. भात वाढलेली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली. ओसरी उतरल्या, अनवाणीच अंगण ओलांडलं आणि सरळ गोठ्याकडे चालू लागल्या.

गोठ्यात हणमंता गाईला टेकून उभा होता. हातात भाकरी. आक्का त्याच्यापासून चार-पाच हातांवर शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसल्या. पान पुढं ठेवलं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“नरहरी!” तिथूनच ओरडल्या. “पंगत वाढ!”

क्षणभर कुणाला काही समजेना.

मग आधी गिरजाबाई उठल्या. तीन वाट्या पत्रावळीवर घेऊन, आरती निघाल्यासारख्या चालू लागल्या. त्यांच्यामागं सगळेच. तीस पानं आणि एक पायरी, पुढं काय विचारता! कुणाचा भात सांडला, कुणाचं लिंबू गडगडलं, कावळ्यांची दिवाळी झाली. मास्तर मधेच अडून बसले, “माझी भिंत?” त्यांना गोठ्याची भिंत दिली. त्यांनी ती हातानं चाचपून पाहिली आणि पसंत केली.

ज्याला जिथं बरं वाटलं, तिथं तो बसला. कुणी एकट्यानं, कुणी चिकटून. गोठ्यापासून लिंबाखाली, लिंबाखालून विहिरीपर्यंत. आज मला फेरी मारायला खरी जागा मिळाली. मी तर उडतच होतो.

हणमंतानं इतकी माणसं पाहिली आणि तो आखडला. आता हा पळणार, असं मला वाटलं. शालनलाही तेच वाटलं. बोचकं छातीशी धरून ती अंगणात थिजली होती.

आक्कांनी एक कोरी पत्रावळ त्याच्या बाजूला सरकवली. बघितलं नाही, बोलल्या नाहीत. भात कालवत राहिल्या.

…

हणमंता खाली बसला.

पत्रावळ त्यानं आपल्याकडे ओढली, बरोबर पुढ्यात आणली, वर भाकरी ठेवली. आणि गुणगुणायला लागला.

शालनच्या हातातून बोचकं पडलं. ती धावत आली आणि त्याच्यापासून चार हात सोडून मातीतच बसली. गिरजाबाईंनी तिच्यापुढं पान मांडलं. पहिला घास तिच्या तोंडात जाईना. “चौदा वर्सं झाली,” ती म्हणाली. “चौदा वर्सांनी भावासंगं पंगतीला बसलीया मी.” मग ती रडली, हसली आणि जेवली. त्या दिवशी तीनची एसटी आली केव्हा आणि गेली केव्हा, कुणालाच कळलं नाही.

वरण बुवांनीच वाढलं. गोठ्यापासून विहिरीपर्यंत, एक थेंब न सांडता. सगळ्यांना वाढून झाल्यावर ते रिकामी बादली घेऊन उभे राहिले. कोठीकडे बघितलं. मग लिंबाखाली पडलेली एक पत्रावळ उचलली, भात घेतला आणि चालू लागले. विहिरीच्या पलीकडं, झाडीच्या पलीकडं, पार ओढ्याच्या काठाला. तिथं पाणी दगडांवरून असं खळाळतं की शेजारचा शिंकला तरी ऐकू येत नाही.

मी पाणी घेऊन मागोमाग गेलो. बुवा मांडी घालून बसले होते, कान उघडे. नऊ वर्षांत प्रथमच आमच्याबरोबर जेवत होते. हातात घास होता, पण तोंडाशी येऊन थांबला होता.

“आक्कांना एक विचारशील?” ते म्हणाले. “इथं बसलं तर पंगतीत धरतात का?”

मी धावतच सुटलो. विहिरीजवळच्यांनी विचारलं काय झालं, त्यांना सांगितलं. त्यांनी लिंबाखाली सांगितलं. मी पोचायच्या आत निरोप गोठ्याला पोचलाही होता, आणि शेवटी मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून तो आक्कांना दिला, “उत्तर ताबडतोब पाठवावे” एवढं पदरचं जोडून.

आक्का घास चावत उठल्या. उष्टा हात बाजूला धरला, दुसरा कपाळावर आडवा घेतला. टाचा उंचावून ओढ्याच्या दिशेनं बघत राहिल्या. खूप वेळ. त्यांचा सगळा चेहरा हसत होता.

“त्यो तर हितनं दिसतबी न्हाई रं! केवडी मोठी पंगत झाली!”