आबासाहेबांचा तास

पुण्यात बारा वर्षं कॉम्प्युटरपुढे मान मोडून कंटाळलेल्या अभिनंदन चौगुलेने नोकरी सांभाळून बी.एड. केलं आणि गावच्या शाळेत मुलाखतीला आला. सरावपाठाला त्याच्यासमोर मुलं अशी पेंगायची, की शिकवता शिकवता त्यालाच जांभया यायच्या.

संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब गुरगुरले, "कॉम्प्युटर सोडून असं मागच्या दाराने मास्तर होता येतं होय? समजा, मी विद्यार्थी. अर्धा तास शिकवून दाखवा!"

अभिनंदनने विचारलं, "आबासाहेब, ही शाळा उभी कशी राहिली?"

झालं! आबासाहेबांनी पाया खणला, पत्रे चढवले, मंत्र्यांना हार घातले. घंटा वाजली तेव्हा भानावर येऊन ते भडकले, "अहो, तुम्ही एक अक्षर शिकवलं नाहीत!"

"शिक्षकाने कमी बोलावं, विद्यार्थ्याला बोलतं करावं, असं बी.एड.ला शिकवलंय. खरं सांगू? माझ्या तासाला शेवटपर्यंत जागे राहिलेले तुम्ही पहिलेच."

मुख्याध्यापिका कुंभोजकर बाईंनी हसू दाबत विचारलं, "विद्यार्थ्याबद्दल शेरा?"

"हुशार आहे. फक्त दुसऱ्याला बोलू देत नाही."

आबासाहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"वर्गाला शिस्तही लागली," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून या."