रिकाम्या गळ्याचा गडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव त्याच्या खापरपणतूलाही आठवत नाही. आपलंही त्यावाचून अडत नाही. लहानांनी पुढं बसा, मोठ्यांनी मागं बसा, पण कान दोघांनीही इकडं द्या. कारण या गोष्टीत चूक केली ती मोठ्यांनीच.

त्या राज्यात रेटा नावाचा खेळ होता. एका बाजूनं लाल फडक्याचं गाठोडं काखेत मारून घुसायचं, दुसऱ्या बाजूनं अडवायचं. घुसायला चार रेटे मिळत. तेवढ्यात गाठोडं फक्कीच्या रेघेपलीकडं गेलं, तर जिंकले. अडवणाऱ्यांची पुढची फळी पाच जणांची. अंगावर येणारा लोंढा छातीवर घ्यायचा, हे फळीचं काम. लोक मात्र गाठोड्याकडं बघत. फळीकडं कोण बघतंय? घर उभं आहे तोवर पायाच्या दगडाची विचारपूस कुणी करत नाही.

पाच सरदारांचे पाच संघ होते. पाडव्याला किल्ल्यात गडी निवडायचे आणि दसऱ्याला मोठा सामना. निवडीसाठी मैदानात एक खांब रोवलेला. खांबावर एक खाच. गड्यानं पाठ लावून उभं राहायचं. डोकं खाचेला लागलं, की सरदार त्याच्या गळ्यात हार घालत. पहिला हार सगळ्यात मानाचा. पस्तीस हार संपले, की रिकाम्या गळ्याच्यांना बाहेर काढून किल्ल्याचं दार लावून घेत. तेव्हापासून पुढच्या पाडव्यापर्यंत त्यांना कुणी ओळखत नसे.

एका पाडव्याला खाडीवरच्या होडीवालीचा मुलगा तिथं गेला. रुंद पाठीचा, आखूड मानेचा, पोटऱ्यांवर गाळ वाळलेला. त्याला सगळे चिखल्या म्हणत. त्यानं धोंडा उचलला, पळून दाखवलं. पण खांबाशी तो चार बोटं कमी पडला.

"टाचा उचल की जरा!" कुणीतरी ओरडलं. मैदान हसलं.

त्यानं टाचा उचलल्या नाहीत. पस्तीस हार संपले. त्याचा गळा रिकामाच राहिला.

दाराबाहेर आई उभी होती. तिनं त्याच्या गळ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "रडायचंय का? रड. मी तोवर होडी बांधून येते."

"आये, मी घरी येत नाही."

"मग काय पायांना पाणी घालून वाढवणारेस स्वतःला?"

"पाचव्या सरदाराचा संघ सारखा हरतो. त्याच्या आखाड्यावर जातो. काम मागतो."

"दार दाखवतील मेल्या!"

"दाखवू देत. निदान दार कुठं आहे ते तरी कळेल."

आईनं हातातला होडीचा दोर खांद्यावर टाकला. मग म्हणाली, "माझे गुडघे किती दिवस गाळ सोसतील ठाऊक नाही. तीन दसरे दिले तुला. एका तरी दसऱ्याला मला तू फळीत उभा दिसलास, तर तुझा रस्ता तुला मोकळा. नाही दिसलास, तर मुकाट्यानं वल्हं धरायचं."

चिखल्यानं तिच्या पायांना हात लावला आणि तो चालू लागला.

पाचव्या सरदाराचा आखाडा तटाला लागून होता. मागच्या बाजूला खरकटं टाकायचं दार होतं. चिखल्या त्या दारानं आत शिरला. उस्तादानं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बघायला फार वेळ लागला नाही.

"खांबाला पुरला नाहीस तू."

"उस्ताद, मला खांबाला नाही, माणसाला अडवायचंय."

उस्ताद हसला. "तोंड तर साडेचार हात आहे! हे बघ, हारवाल्यांना रोज सकाळी रेटायला कुणीतरी लागतं. त्यांनी रेटायचं, तू पडायचं. उरलंसुरलं खायचं, गोठ्यात निजायचं. जमेल?"

"जमेल."

हारवाल्यांमध्ये एक धिप्पाड गडी होता. त्याला सगळे हत्ती म्हणत. पहिल्या सकाळी हत्तीनं चिखल्याला अकरा वेळा पाडलं. दुसऱ्या सकाळीही अकरा वेळा. तिसऱ्या सकाळी पालथा पडल्यापडल्या चिखल्याच्या तोंडात माती गेली आणि त्याला घर आठवलं.

ओहोटीला होडी गाळात रुतायची. लहानपणी तो तिला वरून ढकलायला जायचा आणि तोंडावर आपटायचा. आई ओरडायची, "वरून काय ढकलतोस? खाली बस! खांदा खालून लाव, अंगठे गाळात रोव आणि कमरेनं उठ. होडीला हातांनी नाही, पायांनी उचलतात!"

चिखल्या उठला. पुढच्या वेळी हत्ती आला तेव्हा तो खाली बसला, खांदा त्याच्या बरगड्यांखाली लावला आणि पायांनी उठला. पडला तो पडलाच, पण हत्तीही दोन पावलं मागं गेला. त्या दिवशी चिखल्या दहाच वेळा पडला. जी चार बोटं कमी म्हणून त्याला बाहेर काढलं होतं, ती चार बोटंच आता त्याला हत्तीखाली घुसायला कामी येत होती.

आता तुम्हाला वाटेल, झालं, नशीब फळफळलं. नशिबाला एवढी घाई नसते.

पहिल्या दसऱ्याच्या आधीच उस्ताद म्हणाला, "ताटं कमी पडतात. घरी जा." चिखल्या गेला. बारा दिवसांनी एकाचा घोटा मुरगळला, तसं त्याला बोलावलं. घोटा बरा झाल्यावर दसऱ्याआधीच परत घालवलं. दुसऱ्या वर्षी तो तिसऱ्या सरदाराकडं गेला. तिथं त्यानं दसऱ्याला गड्यांना पाणी पाजलं. आई सामना बघायला आली होती. तिनं पाहिलं आणि नुसतं एक बोट वर केलं. एकच दसरा उरला होता.

दुसरा दसरा सरताच पाचव्या सरदाराकडून निरोप आला. निरोप उस्तादाचा नव्हता, हत्तीचा होता. 'दुसऱ्या कुणाला रेटून माझा घाम निघत नाही. त्या चिखल्याला आणा.' चिखल्या पुन्हा खरकट्याच्या दारानं आत गेला. वर्षभर दोघं सकाळी एकमेकांना भिडत आणि दुपारी एका ताटात जेवत.

तिसरा दसरा उजाडला. पाचव्या सरदाराचा संघ कधी नव्हे तो मोठ्या सामन्यात पोचला होता. समोर पहिल्या सरदाराचा संघ. त्यांचा म्होरक्या म्हणजे चिखल्याच्याच पाडव्याला पहिला हार मिळालेला गडी. उंच, देखणा आणि खरोखर ताकदीचा. उगाच खोटं कशाला बोला!

चिखल्या मैदानाच्या कडेला बसला होता. समोर गर्दीत आई होती. तिच्या खांद्यावर होडीचा दोर होता. येताना ती तो बरोबरच घेऊन आली होती.

सामना संपत आला. आता फक्त चार रेटे उरले होते. गाठोडं रेघेपासून दोन हातांवर. अडवलं तर पाचवा सरदार जिंकणार, नाही तर पहिला. तेवढ्यात हत्तीचा गुडघा फिरला आणि तो खाली बसला. उस्ताद कपाळावर हात मारून इकडंतिकडं बघू लागला.

"चिखल्याला घाला," हत्ती कण्हत म्हणाला.

"त्याला? तो खांबाला..."

"खांब गेला खड्ड्यात, उस्ताद! वर्षभर रोज रेटतोय मी त्याला. गेल्या सहा महिन्यांत एकदाही पाडता आलेलं नाही. तुम्ही बघितलंच नाहीत, तुम्ही गाठोड्याकडं बघत होतात!"

चिखल्या फळीत उभा राहिला. लोक हसले. पहिल्या हारवाल्यानं खाली बघून विचारलं, "काय रे, टाचा उचलल्यास का आज?"

"नाही," चिखल्या म्हणाला, आणि खाली बसला.

पहिला रेटा आला. चिखल्या घसरला, पण गाठोडं हातभरच पुढं सरकलं. दुसरा आला. तो हलला नाही. तिसरा आला. नाकातून रक्त आलं, पाय जागचा निघाला नाही. आता मैदान हसत नव्हतं. चौथ्याला पहिला हारवाला सगळ्या अंगानिशी आला. चिखल्यानं अंगठे मातीत रोवले, खांदा खालून लावला आणि रुतलेली होडी उचलावी तसा तो कमरेनं उठला. हारवाला मागं कलंडला तो गाठोडं घेतलेल्या आपल्याच गड्यावर. गाठोडं सुटलं, घरंगळलं, आणि चिखल्याच्याच संघातल्या एका पोरसवदा गड्यानं ते उचललं.

लोकांनी त्या गड्यालाच खांद्यावर घेतलं! नाचले, गुलाल उधळला, सोनं वाटलं. चिखल्या तसाच उभा, मातीनं भरलेला.

आई गर्दीतून वाट काढत आली. पदरानं त्याचं नाक पुसलं.

"आये, गाठोडं त्यानं उचललं," चिखल्या म्हणाला.

"उचललं असेल. मी गाठोडं बघितलंच नाही. मी तुझे पाय बघत होते." मग तिनं खांद्यावरचा दोर सारखा केला. "निघते मी. ओहोटी लागायच्या आत पोचायला हवं. रोज पोटभर जेवत जा."

त्यानंतर चिखल्या आणखी दहा दसरे खेळला. मधे दोनदा त्याला घालवलं आणि दोनदा बोलावलं. हार त्याला कधीच मिळाला नाही. पण रोज सकाळी काम होतं, भूक होती आणि झोप गाढ लागत होती. आणखी काय हवं असतं?

खेळ सोडताना तो राजाला मुजरा करायला गेला. राजानं विचारलं, "तुझ्या पाडव्याचे पस्तीस जण होते. एकही आता मैदानात नाही. तुझा हार कितवा?"

"माझा नव्हताच, महाराज. चार बोटं कमी पडलो."

राजा ओशाळला. "तो खांबच तोडून टाकतो!"

"खांब राहू द्या, महाराज. उंचांनी काय पाप केलंय? फक्त हार संपल्यावर दार लावू नका. रिकाम्या गळ्याचा कुणी आला, तर त्याला एक रेटा मागू द्या. पडला तर तो आपण होऊन घरी जाईल."

तेव्हापासून त्या राज्यात पाडव्याला किल्ल्याचं दार दिवस मावळेपर्यंत उघडं राहू लागलं. बरेच जण यायचे, पडायचे आणि कपडे झटकून घरी जायचे. पण दर वर्षी एखादा उभा राहायचा.

चिखल्या खाडीवर परतला. आता होडी तो ढकलायचा आणि म्हातारी आई होडीत बसून ओरडायची, "वरून काय ढकलतोस? खाली बस!"

बाळांनो, लक्षात ठेवा: हार एका दिवसात गळ्यात पडतो, पण फळीत टिकतो तो रोज सकाळी पडून पुन्हा उठणारा.