जिन्याखालचा आरसा

लई मागं, जिन्याखालच्या एवढ्याशा संडासात एक आरसा होता. त्याच्यामागं पाल राहायची. एक दिवस संडास नवा करायचं निघालं.

"बाई, मी चाललो भंगारात," आरसा रडवेला झाला.

"आधी तोंड पूस, धुरकट दिसतोस," पाल म्हणाली.

मालकीण शेवंताबाई गवंड्याला दाखवू लागल्या. "फरशी नवी, बेसिन नवं, आरसापण नवा." पाल गप्प.

गवंडी म्हणाला, "बाई, असली काच आता मिळत नाही. राहू द्या."

तशी पाल चुकचुकली. शेवंताबाईंनी पटकन भिंतीवर बोट वाजवलं. "पाल चुकचुकली, म्हणजे खरंच बोललात. राहू दे मग."

आता चकाचक फरशीत जुना आरसा काय ऐटीत मिरवतो! मागं पाल आहेच.

"कसं गं सुचलं तुला?" त्यानं विचारलं.

"सुचायचं काय त्यात? तोंड सगळ्यांनाच असतं. मी आपलं वेळ येईस्तोवर मिटून ठेवलं."