सात श्वासांच्या लाटेची कहाणी

ऐक उधाणमाये, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. पदर आवरून बसा, माझ्याकडे बघा. मागं कोण कुजबुजतंय ते मला इथून दिसतं.

आटपाट बंदर होतं. बंदरात कोळ्यांची वस्ती होती. तिथं दोन भाऊ राहत. थोरला राघो, धाकटा पोशा. एक अंगण, दोन चुली, दोन होड्या. थोरल्याच्या बायकोचं नाव बायजा, धाकट्याच्या बायकोचं नाव नागू. बायजा मुळात कमी बोलायची. नागूला वाटायचं, कमी बोलते म्हणजे काहीतरी लपवते. बायजेनं दार लोटलं की ही कान द्यायची. बायजेनं टोपली झाकली की ही विचारायची, झाकली कशाला? असं चार वर्षं चाललं होतं.

त्या बंदरात उधाणमायेचा वसा होता. तो कसा करावा? कार्तिक महिना यावा, बायकांनी दिवस वाटून घ्यावे. जिचा दिवस, तिनं सूर्य उगवताना किनारी जावं. गुडघाभर पाण्यात उभं राहावं. एक लाट पायाला लागली की श्वास मोजावे, दुसरी लागेतो मोजावे. असं तीनदा करावं. वाटेत कुणाशी बोलू नये. मग तीन दारी जावं, तिसरं दार आपलं. आले तेवढे श्वास सांगावे. वाढवू नये, घटवू नये, पाहिलं नाही ते सांगू नये. तीन-चार आले तर होड्या लोटाव्या. पाच किंवा जास्त आले तर थांबावं. कारण काय? दूर समुद्रात वादळ उठलं की आधी लांब लाट येते. वारा मागून येतो. आभाळ तोवर स्वच्छ असतं, म्हणून माणूस फसतो.

एके दिवशी काय झालं? बायजेचा दिवस होता. ती गेली, मोजून आली, तीन दारी म्हणाली, "पाच श्वास आले." कुणी होडी लोटली नाही. नागू अंगणात आली. वारा नाही, ढग नाही, पाणी सपाट. तिच्या मनात पाल चुकचुकली. "पाच कसे आले? बांगडा किनाऱ्याला लागलाय हे हिला ठाऊक आहे. साऱ्या गावाला घरी बसवायचं आणि आपल्या नवऱ्याला पाठवायचं." मग तिनं तीनदा डोकावून पाहिलं. पहिल्यांदा पाहिलं, राघो दोर वळत होता. दुसऱ्यांदा पाहिलं, दोर खांद्यावर टाकून निघाला होता. तिसऱ्यांदा पाहिलं, राघो दिसेना. मग काय, तिची खात्रीच पटली.

दुसरा दिवस नागूचा. सूर्य उगवताना ती किनारी गेली. गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पण तोंड कुणीकडे? समुद्राला तिनं पाठ केली आणि तोंड केलं होड्यांकडे. राघोची होडी खुंटाला नव्हती. नागूच्या अंगाची आग झाली. लाटा आल्या, पायाला लागल्या, परत गेल्या. तिनं एकही मोजली नाही.

मग पहिल्या दारी गेली, म्हणाली, "तीन श्वास आले." घरधनी म्हणाला, "काल पाच, आज तीन? मला नाही पटत." तो जाळं शिवत बसला. दुसऱ्या दारी गेली, म्हणाली, "तीन श्वास आले." घरधनीण तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "नागू गो, तुझे डोळे कशानं लाल झाले?" असं म्हणाली, आणि नवऱ्याला जाऊ दिलं नाही. तिसरं दार आपलं. पोशा विचारता झाला, "मोजलेस?"

"मोजले."

"तीनच?"

"तीनच. तुमचा भाऊ केव्हाच गेलाय, तुम्ही बसा विचारत."

पोशा म्हणाला, "तू सांगतेस तर झालं." त्यानं जाळं उचललं. गडी यायला तयार झाले नाहीत, तर एकटाच गेला. साऱ्या बंदरात तिच्यावर विश्वास ठेवणारा तो एकच होता, आणि तोच समुद्रात गेला.

मग उन्हं वर आली, ओहोटी लागली. नागू टोपली घेऊन खाडीत कालवं काढायला गेली. तिथं काय पाहते? राघोची होडी. चिखलात वर ओढलेली, तिवराच्या झाडांना दुहेरी दोरानं बांधलेली. वाऱ्यानं उलटू नये म्हणून बायजा तिच्यात दगड भरत होती.

नागू म्हणाली, "जाऊबाई, होडी इथं कशी?"

"काल पाच आले म्हणून कालच आणून बांधली. आज तर सात आले."

"दिवस माझा होता. तुम्ही कशाला मोजलेत?"

बायजा म्हणाली, "मला तुझा भरवसा नव्हता. जिचा डोळा सारखा माझ्या दारावर, ती समुद्र कधी बघणार? म्हणून तू किनाऱ्यावरून परतल्यावर जाऊन मोजले. पण बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, माझा दिवस हिनं घेतला." मग तिनं विचारलं, "भावजी कुठंयत?"

नागूनं टोपली तिथंच टाकली. बायजेला कळायचं ते कळलं.

नागू किनाऱ्याला धावली. पाण्यात उभी राहिली. मोजले, सात आले. पुन्हा मोजले, सात आले. तिसऱ्यांदा मोजायचा तिला धीर झाला नाही. समुद्रावर होडी कुठं दिसेना.

जवळच खडकावर एक म्हातारी बसली होती. नागूला तिचाही संशय आला. ही कुठली? आली कधी? भोवती पाणी, मग हिचं लुगडं कोरडं कसं? म्हातारी म्हणाली, "लेकी, सकाळी काय पाहिलंस?"

"समुद्र पाहिला." ओहोटी असून पाणी चढलं, मांडीला लागलं.

"लेकी, काय पाहिलंस?"

"समुद्रच पाहिला, पण डोळ्यांवर ऊन होतं." पाणी कमरेला लागलं.

"लेकी, काय पाहिलंस?"

नागू रडू लागली. "आजी, मी जावेची होडी पाहिली. समुद्राला पाठ केली होती. एकही लाट मोजली नाही." तसं पाणी उतरलं. म्हातारी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिथं खोटं सांगितलंस तिथं खरं सांग." एवढं बोलली आणि दिसेनाशी झाली.

नागू पहिल्या दारी गेली, सारं सांगितलं. घरधनी उठला नाही. म्हणाला, "आता हे तरी खरं कशावरून?" दुसऱ्या दारी गेली, सारं सांगितलं. घरधनीण विचारात पडली. नवऱ्याला म्हणाली, "खोटं बोलायचं असतं तर अब्रू राखायला बोलली असती. ही आपल्या हातानं घालवतेय. उठा." तिसरं दार आपलं. आत कुणी नव्हतं. तरी सांगितलं. रिकाम्या घराला सांगताना तिचा जीव तुटला.

मग माणसं जमली. राघो आला, बायजा आली. सुक्या झावळ्या पेटवल्या, वर ओलं शेवाळ टाकलं. वारा नव्हता, धूर सरळ उंच गेला. पोशानं तो लांबून पाहिला. जाळं बांगड्यानं भरत आलं होतं. त्यानं जाळं कापून टाकलं आणि वल्ही मारली. काठाला लागतो न लागतो तोच वारा सुटला, समुद्र उठला. होडीच्या फळ्या फळ्या झाल्या. पोशाला माणसांनी ओढून घेतलं. तो वाचला.

इथं कहाणी संपली असं तुम्हाला वाटलं ना? वाटणारच. पुढं काय झालं? पोशा बायकोवर रागावला नाही. पण तिच्या दिवशी ती मोजून आली, की तो हो म्हणायचा आणि स्वतः जाऊन पुन्हा मोजायचा. तिनं चार सांगितले, त्यानंही चार मोजले. पुढच्या खेपेला तरी जायचाच. नागूला ते फार लागायचं, पण बोलायला तोंड कुठं होतं? तिनं वसा सोडला नाही. एक कार्तिक केला, दुसरा केला, तिसरा केला. जावेच्या दाराकडे पुन्हा पाहिलं नाही म्हणतात. मला काही ते पुरतं पटत नाही.

तिसऱ्या कार्तिकात बांगडा काठाला लागला होता. होडी नवी होती. नागू मोजून आली, म्हणाली, "पाच श्वास आले." पोशा उंबऱ्याबाहेर पडला, किनाऱ्याच्या वाटेला लागला. नागू मान खाली घालून उभी राहिली. चार पावलं गेला, थांबला, परत आला. जाळं खुंटीला टांगलं आणि म्हणाला, "भाकर वाढ." नागूनं भाकर वाढली. तिचे डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत.

उधाणमाये, नागूचं गेलेलं तिला परत मिळालं, तसं आम्हां साऱ्यांना मिळो. ऐकणारीचा माणूस काठाला लागो, सांगणारीची जीभ खरी राहो. ही भरतीएवढी कहाणी ओहोटीएवढ्या शब्दांत सुफळ संपूर्ण.